शेपटीचं टिंब

गिऱ्हाइकानं गाडीची चावी पुढं केली की राजमहंमद मिस्त्री हात मागं घ्यायचा. "तितं लावा," म्हणायचा आणि हनुवटीनं भिंतीकडं खूण करायचा. बारामतीहून भिगवणला जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं गॅरेज होतं आणि त्याच्या भिंतीला खिळ्यांची एक ओळ होती. चावी गिऱ्हाइकानं स्वतः लावायची, जाताना स्वतः काढायची. मिस्त्री तिला हात लावणार तो गाडी चालू करण्यापुरता. काम झालं की ती पुन्हा खिळ्यावर. नवख्या माणसाला हे चमत्कारिक वाटे. जुन्यांना कारण माहीत होतं, आणि माहीत असलेली गोष्ट पोटात ठेवायची आपल्या मुलखाला सवय नाही. चहाला टेकलेला कुणीही उगाच विचारायचा, "काय मिस्त्री, खिसा चाचपला का? का काखेत कळसा आन् गावाला वळसा?" सगळे हसायचे. राजमहंमदही हसायचा. ज्याची चेष्टा होते त्यानं आधी हसावं लागतं, नाहीतर ती लवकर संपत नाही.

कारण असं होतं. पाच-सहा वर्षांमागं राजमहंमद आणि माळेगाव बुद्रुकचा संभाजी या दोघांत मिळून एक पिकअप होती. दोघं एका वर्गात शिकलेले, एकाच वर्षी नापास झालेले, त्यामुळं दोस्ती पक्की. इंदापूरकडची डाळिंबं, पेरू भरायचे, पुण्याच्या मार्केटात उतरवायचे आणि रिकामी गाडी घेऊन गप्पा हाणत परत यायचे. गाडी घेताना राजमहंमदच्या बाजूनं त्याच्या बायकोच्या, वहिदाच्या, बांगड्या गेल्या होत्या. गाडी चालवायची आणि दुरुस्त करायची त्यानं. माल आणि व्यापारी बघायचे संभाजीनं.

वाटेत नमाजेची वेळ झाली की राजमहंमद गाडी कडेला घ्यायचा. वजू करण्याआधी, म्हणजे नमाजेसाठी हातपाय-तोंड धुण्याआधी, मनगटावरचं घड्याळ, छातीच्या खिशातला मोबाइल आणि गाडीची चावी अशा तीन वस्तू काढायचा, कारण सजद्याला, कपाळ टेकायला, वाकलं की खिशातलं सगळं भुईवर येतं. तिन्ही वस्तू संभाजीच्या ओंजळीत जायच्या.

"संभा, सांभाळ रं."

"सांभाळतो. माझ्यासाठी बी माग काय तरी."

नमाज होईस्तोवर संभाजी ती ओंजळ मांडीवर घेऊन बसायचा. शेजारी कुणी मोठ्यानं बोलायला लागलं तर डोळे वटारून गप्प करायचा. बघणारे म्हणायचे, दोस्ती असावी तर अशी. बघणाऱ्यांचं काय जातं म्हणायला!

त्या दिवशी डाळजजवळ हायवेच्या कडेला एका हॉटेलावर दोघं थांबले होते. गाडी हॉटेलच्या मागं लिंबाखाली लावलेली. राजमहंमदनं बांधावर गमछा अंथरून नमाज पढली, संभाजीनं त्याला घड्याळ दिलं, मोबाइल दिला, दोघांनी चहा घेतला आणि मागं जाऊन बघतात तर लिंबाखाली नुसती सावली. राजमहंमदनं छातीचा खिसा चाचपला. मग पँटचे दोन्ही. मग पुन्हा छातीचा. संभाजीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "राजू, चावी गाडीलाच राहिली का रं?"

तेवढं एकच वाक्य. राजमहंमदनं आठवून पाहिलं. चावी काढल्याचं आठवत होतं. पण रोज काढतो म्हणून आठवतंय की आज काढली म्हणून, हे काही ठरेना. संभाजीच्या हातात तीन वस्तू दिल्या असत्या तर तीन परत आल्या असत्या. परत आल्या दोन, म्हणजे दिल्याच दोन. यात शंका घ्यायला जागाच नव्हती. पोलिसांपुढं त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, चावी मीच गाडीला विसरलो. आता चावी गाडीला ठेवून चहा पिणाऱ्या माणसाला विमावाले कशाला उभं करतात? गाडी गेली ती गेलीच.

गावात बोलणारे बोलले. पण संभाजी एक अक्षर बोलला नाही. उलट चार माणसांत त्याची बाजू घ्यायचा. "माणूस हाय, चुकतो. माझी बी गाडी गेली, पर माझ्यापुढं राजूला कुनी काय बोलायचं न्हाय." हे ऐकलं की राजमहंमदचे डोळे भरून यायचे. एवढं मोठं मन! त्या मनाची परतफेड कशी करायची म्हणून त्यानं संभाजीच्या घरच्या गाड्यांची, ट्रॅक्टरची, विहिरीवरच्या इंजिनाची मजुरी घेणं सोडून दिलं. ईदला पहिला शीरखुर्मा माळेगावला जायचा. संभाजीचा फोन आला की हातातला पाना टाकून तो निघायचा. आणि संभाजीही दर वेळी म्हणायचा, "जाऊ दे रं, झालं ते झालं. किती दिस मनात धरनार?" जखम बरी झाली का, असं रोज खपली काढून विचारणारे लोक असतात, त्यातलाच हा प्रकार, पण राजमहंमदला त्यात दोस्ताची मायाच दिसायची.

वहिदा मात्र काही म्हणाली नव्हती. बांगड्यांचं नावही तिनं काढलं नाही. फक्त घराची चावी त्या दिवसापासून तिच्या पदराच्या गाठीत गेली ती गेली. ती माहेरी गेली तर चावी शेजारणीकडं ठेवायची, नवऱ्याकडं नाही. राजमहंमद स्वतःच्या दाराबाहेर शेजारीण बाजारातून येईपर्यंत पायरीवर बसून राहायचा. त्याला त्यात गैर काही वाटत नसे. आपलं डोकं भरवशाचं नाही, हे त्यानं मान्य करून टाकलं होतं, आणि हळूहळू ते खरंही व्हायला लागलं होतं. गॅस बंद केला का, नट आवळला का, दोन-दोनदा बघायचा. नमाजेतसुद्धा मध्येच छातीपाशी हात जायचा.

यंदा ऊसतोड सुरू व्हायच्या सुमाराला संभाजीचा मुलगा ऋषिराज घरची जुनी जीप घेऊन गॅरेजवर आला. डिप्लोमा करून पोरगा एमआयडीसीत नोकरीला लागला होता. अंगात हौस मावत नव्हती.

"चाचा, हिला टर्बो बसवायचा."

"हिला? आरं, ही तुझ्यापेक्षा वयानं मोठी हाय."

"म्हनून तर. घाटात पोरं माझ्या पुढनं जात्यात आन् वरनं हात दाखवत्यात. पर चाचा, बजेट न्हाय आपलं. आबांना बी सांगू नका, झाल्यावर दाखवू. आबा म्हंतील, भंगारावर पैसा घालतोय."

राजमहंमद हसला. टर्बो म्हणजे काय? इंजिनाचा धूर फुकट बाहेर जातो, त्याच धुरावर फिरणारा पंखा. त्या पंख्याच्या दांडीला पलीकडून दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतो. हवा जास्त मिळाली की डिझेल पुरतं जळतं आणि म्हाताऱ्या गाडीलाही जोर येतो. सांगायला सोपं, करायला जिकिरीचं. नवा टर्बो या पोराच्या आवाक्याबाहेरचा. पण जुना मिळाला तर बाकीचं जुळवता येण्यासारखं होतं, आणि जुळवाजुळव हा राजमहंमदचा जीव की प्राण.

"टर्बो तू बघ कुठं तरी," तो म्हणाला. "बाकीचं मी बघतो."

कितीतरी वर्षांनी त्याला कामाची अशी गोडी लागली. धुराच्या नळीवर टर्बो बसायला जाड लोखंडी पट्टी हवी होती. ती त्यानं लेथवाल्याकडं बसून कापून घेतली. टर्बोला तेल लागतं, नाहीतर तो घटकेत जळतो. म्हणून ऑइलच्या दाबाच्या जागी तीन तोंडांचं एक तिकाटणं लावून ट्रॅक्टरची जुनी पाइप वळवली. तेल खाली परतायला इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरला भोक पाडून नळी वेल्डिंग केली. ऋषिराजनं रेडिएटरची नळी आणली तर त्यानं ती बाजूला फेकली. "ही फुगल आन् फुटल," म्हणाला आणि ओळखीच्या भंगारवाल्याकडून ट्रकची जाड नळी आणली. इंजिन जुनं, म्हणून हेडखालचं गॅस्केट जरा जाड घातलं आणि हवेचा दाब कमीच ठेवायचं ठरवलं. "म्हाताऱ्या मानसाला एकदम पळवायचं नसतं," असं पोराला बजावलं. "आन् पळवून आनल्यावर लगीच बंद बी करायचं न्हाय. जाग्यावर चालू ठिवायची, दम खाऊ द्यायचा, मग चावी फिरवायची. न्हायतर टर्बोतलं तेल आतल्या आत जळतं."

काम करताना तो गुणगुणायला लागला. वहिदानं घरी विचारलंसुद्धा, "आज काय हाय?" तो म्हणाला, "काय न्हाय. पोराची गाडी करतोय."

सगळं तयार होऊन टर्बोच तेवढा राहिला होता. एका सकाळी ऋषिराज कामावर जाताजाता आला आणि त्यानं बाकड्यावर एक पोतं आपटलं.

"चाचा, फुकट! एक रुपाया बी न्हाय!"

पोत्यात टर्बो होता. धुळीनं आणि सुकलेल्या तेलानं माखलेला, पण पंखा बोटानं फिरवला तर फिरत होता.

"कुठं गावला रं?"

"आमच्याच जुन्या गोठ्यात की! माळ्यावर पोत्याखाली हुता. आबांनी कधी तरी कुठलं भंगार आनून ठिवलं आसंल. त्यांच्या ध्यानात बी नसंल. बसतोय का बघा, संध्याकाळी येतो," म्हणून पोरगं शिट्टी मारत गेलं सुद्धा.

राजमहंमदनं टर्बो डिझेलच्या घमेल्यात ठेवला आणि जुन्या दात घासायच्या ब्रशानं घासायला घेतला. टर्बोचे दोन शंख असतात, एक धुराचा, एक हवेचा, आणि ते मधल्या भागावर कसेही फिरवून बसवता येतात. म्हणून उघडण्याआधी मिस्त्री लोक सांध्याच्या दोन्ही बाजूंना सुंभ्यानं, म्हणजे टोकदार पंचानं, टिंब मारून ठेवतात. टिंबाला टिंब जुळवलं की शंख होता तसा बसतो. हाही कुणीतरी आधी उघडलेला दिसत होता. काळं निघालं, खाली टिंब दिसलं. आणखी घासलं तर टिंबाला शेपटी निघाली.

त्याचा हात थांबला.

पिकअपचा टर्बो तेल गाळायला लागला होता तेव्हाची गोष्ट. याच बाकड्यावर तो उघडला होता. संभाजी शेजारी डब्यावर बसून स्वतःच्या सासऱ्याची आणि म्हशीची काहीतरी गोष्ट सांगत होता, आणि नेमका हातोडी मारायच्या वेळेला राजमहंमदला असं काही हसू आलं की सुंभा घसरला. टिंबापासून सांध्यापलीकडं लांब ओरखडा गेला. संभाजीनं वाकून बघितलं होतं आणि म्हणाला होता, "आयला राजू, हे तर बेडकाचं पिल्लू झालं की रं!" त्यावर दोघं पुन्हा पोट धरून हसले होते.

बेडकाचं पिल्लू डिझेलमध्ये भिजून चकाकत होतं.

राजमहंमदनं ते अंगठ्यानं पुसलं. पुन्हा पुसलं. भंगारात कुठून कुठं काय जातं, कुणी सांगावं, असं त्यानं मनाला सांगून पाहिलं. चोरांनी गाडी मोडली असेल, टर्बो बाजारात आला असेल, संभानं न ओळखता घेतला असेल. पण संभानं भंगारातला टर्बो घ्यावा कशाला? आणि घेतला तर ज्याला साधा नट घेतानाही फोन करतो, त्या राजूला न सांगता माळ्यावर पोत्याखाली का ठेवावा? मन एकेक पळवाट काढत होतं आणि हातातलं टिंब ती बंद करत होतं. शेवटी मनाच्या पळवाटा संपल्या. डाळजचा तो बांध डोळ्यांपुढं आला, तो लिंब आला, आणि छातीच्या खिशातून चावी काढणारा आपला हात आला. काढली होती. घड्याळ, मोबाइल, चावी. तीन दिल्या होत्या.

तो बाकड्याला धरून खाली बसला. चहा घेऊन आलेल्या माणसानं विचारलं, काय मिस्त्री, काय हरवलं?

मग तो उठला आणि त्यानं टर्बो बसवला. दुसऱ्या कुणी तो फेकून दिला असता किंवा घेऊन तडक माळेगाव गाठलं असतं. पण काम हातात असताना ते अर्धं टाकणं या माणसाला येत नव्हतं. शेपटीला शेपटी जुळवून त्यानं शंख बसवले, तेलाची पाइप जोडली, ट्रकची नळी आवळली, एकेक नट दोनदा बघितला. ऋषिराजला फोन करून म्हणाला, "गाडी घरी पोचवतोय." भिंतीच्या खिळ्यावरची चावी स्वतःच्या हातानं काढली आणि निघाला.

जीप काय निघाली! तीच म्हातारी, पण मागून कुणी ढकलल्यासारखी जात होती. साखर कारखान्याकडं उसाच्या ट्रॅक्टरांची आणि बैलगाड्यांची रांग लागली होती. ती ओलांडताना त्यानं पाय दाबला आणि बॉनेटखालून शिट्टी आली. बारीक, चढत जाणारी. हीच शिट्टी ऐकत दोघांनी किती वेळा हायवे तुडवला होता. रात्री झोप येऊ नये म्हणून संभाजी त्या शिट्टीत आपली शिट्टी मिसळायचा. राजमहंमदनं डोळे पुसले आणि पाय आणखी दाबला.

संभाजी मळ्यात, जुन्या गोठ्यापुढं बाजेवर बसला होता. शिट्टी ऐकून उठून उभा राहिला. जीप जवळ आली तेव्हा हसत होता.

"आयला राजू! जीप हाय का इमान?"

"ऋषीनं टर्बो बसवून घेतला. तुला दाखवायचा हुता."

"मला काय बोलला न्हाय. कुठनं आनला?"

"सांगतो. वखत झालाय, आदी नमाज पढतो."

जीप जागेवर चालू होती. त्यानं तिला दम खाऊ दिला, मग चावी फिरवली. विहिरीच्या पाइपापाशी गेला. घड्याळ सोडलं, मोबाइल काढला, जीपची चावी काढली. डाळजनंतर त्यानं या वस्तू कुणाच्या हातात दिल्या नव्हत्या. आज दिल्या.

"संभा, सांभाळ रं."

संभाजीची ओंजळ आपोआप पुढं आली. "माझ्यासाठी बी माग काय तरी," हेही आपोआपच आलं.

राजमहंमदनं बांधावर गमछा अंथरला. नमाजेत त्याचं मन होतं असं म्हणणं खोटं होईल. ओठ हलत होते, गुडघे वाकत होते, आणि कान मागं होते. पण छातीपाशी हात मात्र एकदाही गेला नाही. नमाज झाली, तो उठून आला. संभाजीनं घड्याळ दिलं, मोबाइल दिला, चावी दिली.

"आज तिनी दिल्यास," राजमहंमद म्हणाला.

"म्हंजे?"

"डाळजला दोनच दिल्या हुत्यास."

संभाजी हसायला गेला. "काय याड लागलंय का तुला? ते काय आता..."

राजमहंमदनं बॉनेट उचललं. "बेडकाचं पिल्लू वळकतोस का? तूच नाव ठिवलं हुतंस."

संभाजीनं वाकून बघितलं. वाकलेला तो बराच वेळ सरळ झाला नाही. उसाच्या फडात कोयत्यांचे आवाज चालले होते.

"हे... कुठं हुतं?" त्यानं विचारलं.

"तुझ्या गोठ्यात, पोत्याखाली. तुझ्या लेकालाच गावलं. बाकी गाडी मोडून इकलीस, ह्येला गिऱ्हाईक मागनं बघू म्हनून ठिवलास आन् इसरलास. आरं, मला इसरभोळा केलास लेका. इसरला तर तू!"

संभाजी बाजेवर बसला. गुडघ्यांवर हात, मान खाली. "ऋषीच्या अॅडमिशनचं हुतं रं राजू. सगळीकडनं कोंडी झाली हुती. तू नमाजेला बसलास, आन् गाडी मोडनाऱ्या मानसाच्या हातात म्या चावी दिली. दिली आन् तवाच वाटलं, चुकलं. पर तवर गाडी हायवेला लागली हुती. तुला सांगितलं असतं, तर तू गाडी इकू दिली असतीस का?"

"दिली असती," राजमहंमद म्हणाला.

संभाजीनं वर बघितलं.

"मागून तरी बघायचंस. वहिदाला समजावलं असतं, पाया पडलो असतो तिच्या, पर दिली असती. ऋषी काय माझा न्हाय का?" त्यानं बॉनेट खाली आदळलं. "गाडीचं जाऊ दे, संभा. लोखंडच हुतं. पर तू मला माफ कशाला केलंस? चार मानसांत माझी बाजू घ्यायचास, आन् मी येडा डोळं पुसायचो. चोरानं मालकाला माफ केल्यालं कुठं ऐकलंयस का? लोकं केसानं गळा कापत्यात म्हनं. तू कापलास आन् वरनं पट्टी बांधायला बी तूच आलास. शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं रं. मी तुझ्या नावानं दुवा मागत हुतो, डाळजच्या बांधावर, तुझ्या वंजळीत माझ्या वस्तू ठिवून!"

संभाजीनं तोंडावर हात घेतले. रडला. खरं रडला, असं म्हणायला हरकत नाही. माणूस दुसऱ्याला फसवतो तेव्हा काही डोळ्यांतलं पाणी आटून जात नाही. रडता रडता म्हणाला, "राजू, काय बी कर. पोलिसात दे. पर ऋषीला सांगू नगंस. त्यो मला देव मानतो. एवढं सांभाळ माझं."

सांभाळ. राजमहंमदनं आपल्या हाताकडं बघितलं. त्यात जीपची चावी होती. गोठ्याच्या मेढीला एक खिळा होता, बैलांच्या घुंगरमाळा टांगायचा. तिथं जाऊन त्यानं चावी लावली.

"ऋषीची चावी हितं हाय," तो म्हणाला. "टर्बो कुठला, ते त्याला तू सांगायचंस. त्यो मला इचारंल, तवा मी खोटं बोलनार न्हाय. आन् त्याला सांग, गाडी पळवून आनल्यावर लगीच बंद करू नगं. बाकी काम चांगलं झालंय."

"राजू, मजुरी..." संभाजीच्या तोंडून निघून गेलं. काय बोललो हे कळून त्यानं जीभ चावली.

राजमहंमद मळ्याच्या वाटेनं निघाला. मागून दोनदा हाक आली. त्यानं वळून पाहिलं नाही. कारखान्याच्या रस्त्याला ओळखीचा एक मोटारसायकलवाला भेटला, त्यानं बारामतीपर्यंत सोडलं. उतरताना तो सवयीनं म्हणाला, "मिस्त्री, खिसा चाचपा, काय राहिलं का बघा!" आज राजमहंमद हसला नाही. तो माणूस गोंधळला आणि निघून गेला.

घरी वहिदा दारात तांदूळ निवडत बसली होती. तो तिच्यापुढं पायरीवर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. टर्बो, शेपटी, गोठा, ओंजळ. सांगताना त्याला वाटत होतं, आता ती रडेल, संभाजीच्या नावानं बोटं मोडेल, आणि मग आपल्याला जरा हलकं वाटेल. वहिदा सूप मांडीवर घेऊन ऐकत राहिली.

"म्हंजे तुमी चावी काढली हुती," ती शेवटी म्हणाली.

"काढली हुती."

"मग तुमीच का म्हनाला, मी इसरलो? पोलिसांना सांगितलं, मला सांगितलं, सगळ्या गल्लीला सांगितलं. मी तर तुमच्याच बोलण्यावर भरवसा ठिवला."

राजमहंमदला कळत होतं, की त्या दिवशी दोन गोष्टींतली एक खोटी असणार होती, स्वतःची आठवण नाहीतर दोस्ताचा हात. आणि त्यानं क्षणभरही न थांबता स्वतःला खोटं ठरवलं होतं. भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो हे माहीत असून माणूस म्हशीला नाही, स्वतःच्या नशिबाला बोल लावतो. हे बायकोला कुठल्या तोंडानं सांगायचं?

वहिदानं सूप खाली ठेवलं. पदराची गाठ सोडायला तिला वेळ लागला, इतक्या वर्षांत ती घट्ट बसली होती. घराची चावी तिनं त्याच्या तळहातावर ठेवली. चावी गरम होती, तिच्या कमरेच्या उबेनं. त्यानं ती छातीच्या खिशात टाकली आणि वरून हात दाबून धरला.

अजान झाली. तो आत गेला, वजू केला, जानमाज अंथरली. वहिदा दारातून बघत होती. तो उभा राहिला तसा खिसा लोंबला, तेव्हा ती पुढं आली आणि तिनं हात पसरला.

"द्या हिकडं. पडल. मी सांभाळते."

राजमहंमदनं चावी बाहेर काढली. हात तिच्या हातापर्यंत नेला. देणार होता, मनापासून देणार होता; बायको होती, जिनं आपल्या बांगड्या दिल्या आणि कधी हूं की चूं केलं नाही, ती होती. पण मूठ उघडेना. त्यानं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा मुठीकडं, आणि चावी पुन्हा स्वतःच्या खिशात ठेवली.

तो नमाजेला उभा राहिला. वहिदाचा हात बराच वेळ तसाच पुढं होता.